उजव्या बाजूचं तिकीट

फुटबॉलवेड्यांच्या गप्पा कुठूनही सुरू होवोत, रात्र चढली की त्या एका प्रश्नावर येतातच. मागच्या काळातला एकच खेळाडू मैदानात बसून बघायची मुभा मिळाली, तर कोणाला बघशील? मग जो तो आपापला देव बाहेर काढतो. पेले आणि मॅराडोना पहिल्या मिनिटात येऊन जातात. चार पुस्तकं वाचलेला ‘हंगेरीचा पुश्काश’ म्हणतो, आठ वाचलेला ‘रेयाल माद्रिदचा डी स्टेफानो’. ज्याला आपलं वेगळेपण दाखवायची हौस असते, तो १९३०च्या दशकातल्या व्हिएन्नाच्या मॅथियास झिंडेलारचं नाव घेतो आणि बाकीचे आपल्यालाही तो ठाऊक असल्यासारखी मान हलवतात. एखादा मँचेस्टर युनायटेडचा जॉर्ज बेस्ट म्हणून नुसताच सुस्कारा सोडतो. त्याने बेस्टला कधी बघितलेलं नसतं, पण सुस्कारा अगदी बघितल्यासारखा असतो.

मला यात गंमत वाटते ती अशी, की लोक ज्या सामन्यांची तिकिटं मागतात ते त्यांनी आधीच बघितलेले असतात. २२ जून १९८६, मेक्सिको सिटीचं अझ्टेका स्टेडियम, विश्वचषकात अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. मॅराडोनाचा तो दुसरा गोल कोणाला पाठ नाही? स्वतःच्या अर्ध्या मैदानात चेंडू मिळतो, तो गर्रकन वळतो, एकेक इंग्लिश खेळाडू मागे पडत जातो, शेवटी गोलरक्षक शिल्टन आडवा होतो. त्या दिवशी तिथे बसलेल्यांना हा गोल एकदाच दिसला, तोही पुढचा माणूस ऐन वेळी उठून उभा राहिला नसेल तर. आपण तो थांबवून थांबवून, मागे नेऊन, हव्या त्या कोनातून पाहिलाय.

आणि त्याच्या चार मिनिटं आधीचा, हाताने मारलेला गोल? स्टेडियममध्ये लाखाहून जास्त माणसं होती. ट्युनिशियाचे पंच अली बिन नासर तर मैदानातच होते. त्यांनाही हात दिसला नाही. मग वरच्या मजल्यावर बसलेल्याला काय कप्पाळ दिसणार! खरा प्रकार घरी टीव्हीसमोर पाय पसरून बसलेल्यांना रिप्लेमध्ये कळला. म्हणजे ‘आपण तिथे असायला हवं होतं’ असं म्हणत हळहळणारा माणूस खरोखरच तिथे असता, तर फुटबॉलमधली सर्वांत गाजलेली लबाडी त्याच्या नजरेतून सुटण्याचीच शक्यता जास्त होती. तो सोयीस्करपणे हे विसरतो.

तरीही मैदानात जावंसं वाटतं, आणि त्याला सबळ कारण आहे. कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो. चेंडू जिथे नाही तिथे काय चाललंय, हे त्याला माहीतच नसतं. हॉलंडच्या योहान क्रॉइफच्या बाबतीत मला याची फार चुटपुट लागते. १९७४च्या विश्वचषकातले हॉलंडचे सामने बघताना पडद्यावर कधी एखाद्या कोपऱ्यात तो हात लांब करून कोणाला तरी ‘तू तिकडे जा’ म्हणताना दिसतो आणि लगेच चौकटीबाहेर जातो. ज्याला त्याने पाठवलं तो गेला का? त्याची मोकळी झालेली जागा कोणी भरली? बचावातला माणूस पुढे सरकला की पुढचा मागे येतो, अख्खा संघ जागा बदलत राहतो, असं त्या खेळाचं वर्णन आपण वाचतो. पण बघायला मिळतो तो त्यातला तेवढाच तुकडा जो चेंडूच्या आसपास आहे. म्युनिकच्या अंतिम सामन्याची सुरुवातच घ्या. हॉलंडने चेंडू सुरू केला आणि आपसात फिरवत ठेवला. क्रॉइफ आघाडीचा खेळाडू, पण तो सगळ्यांच्या मागे येऊन चेंडू घेतो, तिथून धावत सुटतो आणि थेट पेनल्टी क्षेत्रात पाडला जातो. त्याचा साथीदार नीस्केन्सने पेनल्टी मारली तोवर एकाही जर्मनाचा पाय चेंडूला लागलेला नव्हता. पहिला हात लावला तो गोलरक्षक सेप मायरने, जाळ्यातून चेंडू काढताना. हे सगळं उंचावर बसून, पूर्ण मैदान डोळ्यांखाली ठेवून बघायला मिळालं असतं तर! (पुढे जर्मनीनेच सामना २-१ असा जिंकला. हॉलंडच्या चाहत्यांसमोर हा विषय काढू नये.)

क्रॉइफची ती प्रसिद्ध गिरकी मात्र मी मागणार नाही. १९ जून १९७४ला डॉर्टमुंडमध्ये स्वीडनच्या यान ओल्सनला त्याने दिलेली हूल आज जगभरातली पोरं गिरवतात. पण तो सामना ०-० असा सुटला. तिथून बाहेर पडणाऱ्यांतले कितीतरी जण एकही गोल बघायला मिळाला नाही म्हणून कुरकुरत गेले असणार. आपण इतिहास बघितला हे त्यांना कोणी सांगायचं?

गोलच हवे असतील तर १८ मे १९६०, ग्लासगोचं हॅम्पडन पार्क. युरोपियन कपचा अंतिम सामना, रेयाल माद्रिद ७, आइनट्राख्ट फ्रँकफुर्ट ३. पुश्काशचे चार, डी स्टेफानोचे तीन, बघायला सव्वा लाखाहून अधिक लोक. तिकिटाचे पैसे वसूल म्हणजे किती वसूल! या सामन्याला माझा काहीच आक्षेप नाही, फक्त हेच तिकीट सगळे मागतात.

खरी अडचण वेगळीच आहे. आपण मागे जाणार ते निकाल खिशात घेऊन. २५ नोव्हेंबर १९५३ला वेम्ब्लीवर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असं धुतलं, तेव्हा स्टँडमधल्या माणसांना आपल्यासमोर काय वाढून ठेवलंय याची कल्पनाच नव्हती. ब्रिटनबाहेरच्या कुठल्याही संघाने इंग्लंडला वेम्ब्लीवर तोवर हरवलं नव्हतं. पहिल्याच मिनिटात हिडेकुटीने गोल केला, आणि थोड्या वेळाने पुश्काशने तळपायाने चेंडू असा मागे ओढला की इंग्लंडचा कर्णधार बिली राइट रिकाम्या जागेवर झेपावून निघून गेला. चुकीच्या आगीकडे धावत सुटलेला बंबच जणू, असं लंडनच्या टाइम्सच्या जेफ्री ग्रीनने लिहिलं. त्या क्षणी स्टँडमधल्या माणसाच्या पोटात जे झालं असेल, ते आपल्या वाट्याला कसं येणार? आपण तर सामना सुरू व्हायच्या आधीच शेजाऱ्याच्या कानात सांगायला टपलेले, ‘आता बघा हं, हा चेंडू मागे ओढणार.’ असल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत उचलून बाहेर टाकतील.

म्हणून मी काही काळ अशा मताचा होतो की जायचं तर चित्रीकरणच नसलेल्या सामन्याला जावं. पेलेचा स्वतःचा आवडता गोल असाच आहे. २ ऑगस्ट १९५९, साओ पाउलोमधलं रुआ जावारी हे छोटंसं मैदान, समोर जुव्हेंटुस नावाचा तिथलाच संघ. बचावपटूंच्या डोक्यांवरून एकामागून एक चेंडू उडवत, तो जमिनीवर पडूच न देता, शेवटी गोलरक्षकाच्याही डोक्यावरून काढून हेडरने आत, असं त्याचं वर्णन. फिल्म कुठेच नाही. पुढे लोकांच्या आठवणी जमवून संगणकावर तो गोल नव्याने रचला गेला. तसाच अर्जेंटिनातल्या रोसारियोचा ‘ट्रिंचे’, म्हणजे तोमास कार्लोविच. बहुतेक कारकीर्द खालच्या विभागांत गेली, चित्रफीत जवळजवळ नाहीच. पण १९७४च्या विश्वचषकाआधी अर्जेंटिनाचा राष्ट्रीय संघ सरावासाठी रोसारियोत आला, तेव्हा शहराच्या निवडक अकरांनी त्याला ३-१ असं हरवलं, आणि त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी नाव होतं कार्लोविचचं. खेळाडूच्या पायांमधून चेंडू काढायचा, तो वळला की पुन्हा उलट्या दिशेने पायांमधूनच परत आणायचा, ही त्याची खासियत म्हणून सांगतात. १९९३मध्ये मॅराडोना त्या शहरात खेळायला आला तेव्हा आपलं कौतुक ऐकून तो म्हणाला होता, सर्वोत्तम खेळाडू इथे आधीच खेळून गेलाय, त्याचं नाव कार्लोविच.

मोह होतो खरा. पण मग वाटतं, या दोघांना बघायला जाणं म्हणजे तपासनीस म्हणून जाणं. आपण मोजत बसणार, चारजणांच्या डोक्यावरून म्हणाले होते, इथे तर तीनच दिसतायत. तो गोल ज्यांनी पाहिला त्यांच्याकडेच राहू दे. फिल्म नाही म्हणून तर तो इतकी वर्षं टवटवीत राहिलाय.

तर मग माझं तिकीट कोणाचं? गॅरिंचाचं, म्हणजे ब्राझीलच्या उजव्या विंगरचं, साइडलाइनलगत खेळणाऱ्या आघाडीच्या खेळाडूचं. आणि त्यामागे निव्वळ प्रेम नाही, हिशेबही आहे. पुढे काय होणार हे आधीच माहीत असण्याची जी अडचण वर सांगितली, ती गॅरिंचाच्या बाबतीत उरतच नाही. कारण त्याच्या काळातल्या लोकांनाही ते माहीत होतं. स्टँडमधल्या पोराला माहीत होतं, बाकावरच्या प्रशिक्षकाला माहीत होतं, आणि त्याच्यासमोर उभ्या असलेल्या त्या बिचाऱ्या डाव्या बगलेच्या बचावपटूला तर सगळ्यात जास्त माहीत होतं: हा डावीकडे झुकणार आणि उजवीकडून जाणार. तो डावीकडे झुकायचा. आणि उजवीकडून जायचा.

फिल्मवर बघितलं की बचावपटू मूर्ख वाटतो. वरून, लांबून, दाणेदार काळ्यापांढऱ्यात दिसतं ते इतकंच, की एक माणूस चेंडूपाशी उभा आहे आणि दुसरा विनाकारण बाजूला पडला. मधलं काहीतरी गळालेलं असतं. माझा अंदाज असा की ते त्याच्या उभं राहण्यात असणार. सगळे विंगर धावतात, हा थांबायचा. साइडलाइनजवळ, चेंडू उजव्या पायापुढे अर्ध्या पावलावर, दोन्ही हात सैल सोडलेले. पाय जन्मापासून वाकडे, उजवा आत वळलेला, डावा बाहेर, वर एक दुसऱ्यापेक्षा आखूड. असा माणूस उभा राहिला की त्याचं वजन नक्की कोणत्या पायावर आहे, हे समोरच्याला कसं कळावं? मग खांदा डावीकडे जातो. चेंडू जागेवरच. बचावपटू सरकतो, सावरतो, परत येतो. पुन्हा खांदा, पुन्हा चेंडू जागेवर. कधी तर हा चेंडू सोडून नुसताच दोन पावलं धावायचा आणि बचावपटू त्याच्याबरोबर, चेंडू मागेच पडलेला! हे सगळं किती वेळ चालायचं, त्या वेळात लोक हसायचे की श्वास धरून बसायचे, ते मला ऐकायचंय. १९५८मध्ये मेक्सिको सिटीत अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेट क्लबविरुद्ध तो बोटाफोगो या आपल्या रिओतल्या क्लबकडून खेळत असताना बचावपटू चकला की दर वेळी प्रेक्षक बैलांच्या झुंजीतल्यासारखं ‘ओले’ ओरडू लागले, आणि तिथूनच ही आरोळी फुटबॉलमध्ये आली असं मानतात.

त्याच वर्षी विश्वचषकाच्या जरा आधी इटलीतल्या फ्लोरेन्समध्ये फिओरेंटिना या तिथल्या क्लबविरुद्ध ब्राझीलच्या सराव सामन्यात त्याने बचावपटूंना आणि गोलरक्षकालाही मागे टाकलं. समोर रिकामा गोल. हा थांबला. एका बचावपटूला परत येऊ दिलं, त्याला पुन्हा हूल दिली आणि मग चेंडू आत ढकलला. प्रशिक्षक वैतागले नसते तरच नवल. विश्वचषकाच्या पहिल्या दोन सामन्यांत त्याला बसवून ठेवलं, ते यामुळेच असं म्हणतात. तिसऱ्या सामन्यात, १५ जूनला स्वीडनमधल्या योटेबोरीत, सोव्हिएत संघासमोर त्याला आणि १७ वर्षांच्या पेलेला एकदमच उतरवलं. गोलात लेव याशिन. पहिल्याच मिनिटात गॅरिंचाचा फटका खांबावर, पाठोपाठ पेलेचाही लाकडावर, आणि तिसऱ्या मिनिटाला वावाचा गोल. ही तीन मिनिटं तेवढी दिली तरी मी उरलेल्या ८७ मिनिटांवर पाणी सोडेन. पेले आणि गॅरिंचा दोघे मैदानात असताना ब्राझील पुढेही कधी हरलं नाही.

१९६२चं चिली म्हणजे तर त्याचीच स्पर्धा. दुसऱ्याच सामन्यात पेले जायबंदी झाला आणि गॅरिंचाने भार उचलला. इंग्लंडविरुद्ध दोन गोल, उपांत्य सामन्यात यजमानांविरुद्ध दोन. इंग्लंडच्या सामन्यात एक कुत्रं मैदानात घुसलं आणि भल्याभल्यांना चकवत पळत सुटलं. शेवटी इंग्लंडच्या जिमी ग्रीव्ह्जने चार पायांवर रांगत त्याला पकडलं, तर त्याने ग्रीव्ह्जची जर्सी ओली केली. ते कुत्रं पुढे गॅरिंचाने घरी नेलं, असं ग्रीव्ह्ज सांगत असे. १९६६चा गॅरिंचा मात्र मला नको. गुडघा गेलेला, दारू वाढलेली. ब्राझीलकडून तो एकच सामना हरला, हंगेरीविरुद्धचा, आणि तोच त्याचा शेवटचा. १९८३मध्ये ४९व्या वर्षी तो गेला. ती गोष्ट वाचायला पुरेशी आहे, बघायला नको.

तेव्हा विश्वचषक वगैरे ज्यांना हवा त्यांनी घ्यावा. मला १९५०च्या दशकाच्या अखेरची, रिओतल्या जनराल सेव्हेरियानो या मैदानावरची, बोटाफोगोची एखादी साधी साखळी लढत चालेल. माराकाना हे रिओचं अवाढव्य स्टेडियम नको, तिथे माणूस फार लांब पडतो. जागा उजव्या साइडलाइनला, शक्य तितकी खाली. एकच भानगड आहे: मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, म्हणजे उत्तरार्धात तो समोरच्या साइडलाइनला जाणार. तेव्हा मध्यंतराची शिट्टी वाजायच्या दोन मिनिटं आधीच उठायचं आणि स्टँडमागून पळत जाऊन पलीकडे घुसायचं. मधल्या वेळात गोल झाला तर झाला, तो कसा झाला असेल ते माहीत आहेच.