पालथा दगड

रविवार, रात्री

आज किकलीला जाऊन आलो. महामार्ग भुईंजला सोडला की आत उसाच्या फडांतून रस्ता, समोर चंदन-वंदन या किल्ल्यांची जोडी. गाव चारचौघांसारखंच. पण भैरवनाथाच्या जुन्या देवळाच्या आवारात वीरगळच वीरगळ, लढताना पडलेल्यांच्या आठवणीचे कोरीव दगड! मोजायला घेतले, मध्येच चुकलो, नाद सोडला.

एका दगडापुढे मात्र उकिडवा बसलो तो पायांना मुंग्या येईपर्यंत. वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या कप्प्यात गडी लढतोय, बाजूलाच आडवा पडलाय. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन चालल्यात. त्याहून वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याचं नाव राहील. गंमत अशी की नावच कुठे नाही. कर्नाटकात अशा दगडांवर पुष्कळदा लेख असतो (वीरगळमधला ‘गळ’ही कानडी ‘कल्लु’, दगड), आपल्याकडे क्वचितच. कुणी गुरं वळवून नेली म्हणून मागे धावला, कुणी गावाच्या वेशीवर पडला. शेजारी कोपरात वाकलेला हात, बांगड्यांसकट. सतीचा. तिकडे फार वेळ बघवलं नाही.

ओसरीवरच्या आजींनी विचारलं, “कुठलं गाव म्हनायचं?” सांगितलं. “मग तुमच्याकडं न्हाईत व्हय असले वीर?”

नाहीत, म्हणालो.

परतताना एसटीत आठवलं. आमच्या नळकोंडाळ्यावर एक लांबट दगड आहे. बायका त्यावर धुणं आपटायच्या, आम्ही शाळेतून आलो की चिखलाचे पाय घासायचो. एका कडेला खालची माती वाहून गेलेली. तिथून हात घातला की बोटांना उंचवटे लागायचे, गोल गोल, ओळीने. आम्ही एकमेकांना सांगायचो, नागाची अंडी आहेत. मी एकदाच हात घातला होता. तो स्पर्श अजून बोटांत आहे.

घरी आल्याबरोबर काकांना फोन लावला. दगड आहे का अजून?

“आहे की. जाईल कुठं?”

उलटा करून बघाल का, म्हटलं. काका हसले. “अरे, चार माणसं लागतील. आणि बायका ओरडतील, धुणं कुठं धुवायचं?”

शनिवारी जातोय. पहार काकांकडे आहे. धुण्यासाठी दुसरी फरशी मी नेणार.