बिर्सीची फायनल, ४४ अंशांत

सध्या सिम्युलेटरवर (कॉम्प्युटरवरच्या विमानात) काम फक्त अप्रोचवर, म्हणजे उतरण्याआधीच्या टप्प्यावर. विमान नेहमीचंच, सेसना १७२ एस. धावपट्टी आपल्या गोंदियाजवळच्या बिर्सीची. यावेळी सिम्युलेटरचं तापमान ४४ वर नेलं. आपल्याकडच्या मे महिन्यात १५ अंशांची हवा लावून उडायचं म्हणजे स्वतःचीच थट्टा. (सराव रात्री, कूलरसमोर. दुपारी लाइनचा भरवसा नाही.)

आवराआवर डाउनविंडलाच (पट्टीला समांतर, उलट दिशेने उडताना), जमिनीपासून हजार फुटांवर: फ्युएल सिलेक्टर बोथवर (दोन्ही टाक्या चालू), मिक्स्चर रिच (हवेत इंधन जास्त), लँडिंग लाइट, पट्टे. पट्टीचं टोक बाजूला आलं की थ्रॉटल १५०० आरपीएमच्या आसपास आणि फ्लॅप (पंखांमागच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या) १० अंश. बेसला (पट्टीकडे आडवं वळल्यावर) २०, फायनलला (पट्टीच्या सरळ रेषेत आल्यावर) पूर्ण, स्पीड ६५ नॉट. एवढं हाताला बसलंय.

खरी गंमत उन्हाची. बिर्सी समुद्रसपाटीपासून साधारण हजार फुटांवर. त्या उंचीचं प्रमाण तापमान १३ अंश, म्हणजे ४४ ला डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणानुसार धरलेली उंची) ४७०० फुटांच्या घरात जाते. पंखांच्या हिशेबाने आपण चिखलदऱ्याच्याही वर उतरतोय! काटा ६५ दाखवतो, पण खरा वेग ७० च्या जवळ असतो. वारा पडलेला असेल तर जमीनही त्याच वेगाने अंगावर येते आणि डोळे ओरडतात, 'जास्त झालं, नाक उचल.' इथे डोळ्यांचं ऐकायचं नाही. स्टॉल (पंखांची उचल तुटणं) काट्यावरच्या आकड्याला होतो, त्यामुळे ६५ म्हणजे ६५च. तीन अंशांच्या उतारासाठी ग्राउंडस्पीडची (जमिनीच्या हिशेबाने वेगाची) पाचपट धरतो, म्हणून ३२५ ऐवजी मिनिटाला ३५० फूट खाली. टेकल्यावर धाव पंधराएक टक्के वाढते. बिर्सीची पट्टी दोन किलोमीटरहून लांब आहे, फरक पडत नाही. छोट्या पट्टीवर पडेल.

सिम्युलेटरमध्ये थर्मल (तापून वर चढणारी हवा) चालू केले की धानाच्या कोरड्या बांध्यांवर विमान उचललं जातं आणि तलावावर आलं की बसतं. थ्रॉटलला बारीक बारीक हात, ट्रिम (नाकाचा कल धरून ठेवणारी चकती) तशीच.

जमिनीपासून ५०० फुटांवर स्पीड, रेषा, उतार यातलं एक जरी बसलेलं नसेल तर गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर. पूर्ण थ्रॉटल, फ्लॅप लगेच २०, स्पीड ६०, बाकीचे फ्लॅप चढ दिसल्यावर टप्प्याटप्प्याने. या उकाड्यात पूर्ण फ्लॅपवर ते चढायला फार कुरकुरतं. म्हणूनच ३०० फुटांपर्यंत वाट पाहणं मला पटत नाही.

आता आडवा वारा घेतोय, आधी ८ नॉटचा. पायाचे पेडल नाहीत, रडर (शेपटीचं सुकाणू) जॉयस्टिक पिळूनच. कोणी पेडल घरी बनवले असतील तर स्प्रिंग कुठली वापरली ते सांगा.