एआय पकडणारं सॉफ्टवेअर नको, तोंडी परीक्षेचा तास मोजा

आमच्या स्टाफरूममध्ये सध्या एकच विषय, पोरं असाइनमेंट चॅटजीपीटीकडून लिहून घेतात आणि ते पकडायचं कसं. आता कॉलेजने एआय ओळखणारं सॉफ्टवेअर विकत घ्यावं असं चाललंय. मला हे अजिबात पटत नाही. ओपनएआयने स्वतः असं टूल जानेवारी २०२३ मध्ये काढलं आणि जुलैत बंद केलं, कारण त्याचा अंदाज बरोबर येतच नव्हता, आणि ते सुद्धा इंग्रजीवर. आमची पोरं मराठीत, हाताने, फुलस्केपवर उतरवून देतात, तिथे मशीन काय पकडणार? आणि एखाद्या मन लावून लिहिणाऱ्या पोरीवर उगाच ठपका आला तर तिने कुणाकडे दाद मागायची?

मी इतिहास शिकवते. मागच्या सेमला ७२ च्या दुष्काळावर असाइनमेंट दिली होती. बहुतेकांचं एकाच साच्यातलं आलं, कारणे, परिणाम, उपाययोजना, भाषा एकदम गुळगुळीत. चूक म्हणावी असं फारसं नव्हतं, पण दुष्काळी कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीचा उल्लेख नाही, अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीचा नाही, खडी फोडण्याचा नाही. आणि आमचा भाग असा की घराघरात कुणी ना कुणी तेव्हा पाझर तलावाच्या नाहीतर रस्त्याच्या कामावर गेलेलं आहे. केंद्राचा रोजगार हमीचा कायदा २००५ ला आला, महाराष्ट्राचा त्याच्या आधीच, १९७७ ला, आणि त्याच्यामागे ह्याच लोकांची मेहनत आहे, हे त्यांच्याच नातवंडांना माहीत नसावं याचं मला फार वाईट वाटलं.

मग मी एकेकाला समोर बसवून विचारायला लागले. एका मुलाला स्वतःच्या कागदावरचं एक वाक्य समजावून सांगता येईना, पण घरी कुणी कामावर गेलं होतं का म्हटल्यावर जो सुरू झाला, आजी तान्ह्या पोराला झाडाला झोळी बांधून ठेवायची, मुकादम हजेरी कशी मांडायचा, सुकडी घरी आणून पोरांना कशी वाटायची, सगळं. म्हटलं अरे मग हेच लिही ना. तर म्हणाला, "मॅडम, हे चालतं का?"

हा प्रश्न चॅटजीपीटीने तयार केलेला नाही. शाळेपासून गाईडमधलं उत्तर म्हणजेच उत्तर हे आपणच शिकवलंय, आता गाईड फुकट आणि खिशात आलं इतकंच.

तर माझ्या मते उपाय एकच, मुलाशी बोलणं. पण वर्गात १०० मुलं, दहा-दहा मिनिटं म्हटलं तरी जवळपास १७ तास होतात, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाचं आठवड्याचं शिकवणंच १६ तासांचं आहे. त्यात २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांना नवं शैक्षणिक धोरण (एनईपी) लागू झाल्यावर मायनर, ओपन इलेक्टिव्ह असे जादा विषय, प्रत्येकाचं अंतर्गत मूल्यमापन वेगळं, वर कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकच्या फायली आणि जिओटॅग फोटो. विभागात कायम मी एकटी, बाकीचे दोघं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. दोघंही प्राध्यापकीची सेट परीक्षा पास झालेले, एकाची पीएचडी झालीय, आणि पैसे फक्त घेतलेल्या तासाचे, दिवाळी नाही की उन्हाळा नाही. आमच्याकडे तोंडी परीक्षा तासात धरत नाहीत, पेपर तपासणं धरत नाहीत. तास संपला की एकजण दुसऱ्या कॉलेजला पळतो, त्याला मी कुठल्या तोंडाने सांगू की थांब आणि वीस पोरांशी बोल?

या सेमला विषय तोच ठेवलाय, फक्त अट घातलीय की कामावर गेलेल्या एका तरी माणसाशी बोलून यायचं, मोबाईलवर रेकॉर्ड केलं तरी चालेल. ती माणसं आता सत्तरी-ऐंशी ओलांडलेली आहेत, पुढच्या बॅचपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. आणि तोंडी परीक्षेचा तास सीएचबीच्या बिलात तास म्हणून धरा ही मागणी मी प्राचार्यांना लेखी देतेय, सॉफ्टवेअरचं कोटेशन येईल त्याच मीटिंगमध्ये.