मुंबईची डबल-डेकर ट्राम, 1:45 : तार आणि दांडा जमला

मंडळी, माझी 1:45 प्रमाणातली (खऱ्याच्या पंचेचाळिसाव्या भागाएवढी) मॉडेल ट्राम आता छतावरच्या दांड्यानं वरच्या तारेतून वीज घेऊन धावायला लागली!

मुंबईच्या ट्रामचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 1435 मिमी. 1:45 ला तो 32 मिमीच्या आसपास येतो, त्यामुळं मॉडेल रेल्वेतलं ओ गेजचं (32 मिमी रुळांचं) माप चपखल बसतं. चाकं मात्र उद्यमनगरातल्या एका टर्नरकडून पितळेची करून घेतली. रस्त्यात पुरलेल्या रुळात चाकाच्या कडेपुरती अरुंद खाच असते. मॉडेल रेल्वेच्या तयार चाकांची खोल कड त्या खाचेच्या तळाला घासते.

या कामातली सगळ्यात सुंदर गोष्ट विजेची आहे. मॉडेल रेल्वेत एका रुळात धन, दुसऱ्यात ऋण, म्हणून चाकं एकमेकांपासून इन्सुलेट करावी लागतात. खऱ्या ट्रामला त्याची गरजच नव्हती. वीज तारेतून दांड्यानं मोटरीत उतरायची आणि चाकांतून दोन्ही रुळांवाटे परत जायची. मीही तसंच ठेवलंय. चाकं-आस सगळं सलग पितळ, आणि गाडी लूपमधून फिरून त्याच रुळावर आली तरी शॉर्ट होत नाही.

दांडा 2 मिमीच्या पितळी नळीचा, टोकाला खाचेचं बारीक चाक. स्प्रिंग कडक झाली की तार वर उचलली जाते, सैल पडली की वळणावर दांडा निसटतो. उपाय खांबांत निघाला. तार गोलाईत वळवायची नसतेच. दोन खांबांमध्ये ती सरळच ताणायची आणि वळणावर खांब जवळजवळ रोवायचे. तसं केल्यावर दांडा तारेला चिकटून राहतोय.

देखाव्याचं साल 1938 धरलंय. घोड्यांची ट्राम 1874 ची, विजेची 7 मे 1907 ची, डबल-डेकर ट्राम 1920 ची. बस 1926 ला आली, पण डबल-डेकर बस 1937 ला, आणि मला या दोन्ही दुमजली गाड्या एकाच रस्त्यावर हव्यात. पुढं बसनंच ट्रामची जागा घेतली. वाहनांच्या गर्दीत बस बाजूनं वाट काढते, ट्रामला रूळ सोडता येत नाही. 31 मार्च 1964 ला बोरीबंदर-दादर ही शेवटची फेरी झाली. ज्या गाडीनं इतकी वर्षं शहर वाहून नेलं, तिचं मॉडेल नुसतं कपाटात ठेवायचं नाही, ते चाललंच पाहिजे.

आता रुळांमधली दगडी फरसबंदी. प्लास्टर ओतून ओलं असताना ठसे उमटवावेत की सुकल्यावर कोरावं, अनुभव असेल त्यांनी जरूर सांगा.