किलोच्या भावाने हेरल्ड

पहिल्या भंगारच्या वाड्यात मी चांगले सँडल घालून गेले होते, यावरूनच माझी तयारी कळावी. बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसीच्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीच्या, मागच्या अंगाला तो वाडा. तिथल्या भाईंना म्हटलं, जुनी गाडी शोधतेय. ते म्हणाले, "जूनी एटले, बेन? मारुती एट हंड्रेड?" त्यांच्या लेखी तेच पुरातन.

मला हवी होती स्टँडर्ड हेरल्ड. बाबांकडे होती, 1984 मध्ये विकली. मूळची ट्रायम्फची ब्रिटिश गाडी, आकार मिकेलोटी या इटालियन माणसाने दिलेला, आणि 1961 पासून मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने ती आपल्याकडे बनवली. पंचवीसेक फुटांच्या वर्तुळात पूर्ण वळायची. दांडिया बाजारात आमच्या बोळाच्या तोंडाशी ॲम्बॅसॅडरवाले पुढे-मागे करत घामाघूम व्हायचे आणि बाबा एका दमात वळवून घरी चहाला. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की स्वप्नातसुद्धा वळवू शकेन.

2023 च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. संस्थानिकांच्या लांबलचक गाड्या, चकचकीत पितळ, फोटो काढणारे. बाबा सगळीकडून फिरले आणि एवढंच म्हणाले, "हेरल्ड कुठाय?" तिथून हे खूळ सुरू झालं.

दुसऱ्या वाड्यापासून मी शहाणी झाले. जाड बूट, हातमोजे, टॉर्च आणि फ्रिजवरचं लोहचुंबक. पत्र्यावर चुंबक चिकटत नसेल तर खाली लांबी म्हणजे पुट्टी भरलेली आहे, पत्रा कधीच गेलाय. दुसरी अक्कल भावाची. भंगारवाल्याच्या डोक्यात गाडी म्हणजे वजन: पत्रा वेगळा, इंजिनाचं बीड (ओतीव लोखंड) वेगळं, वायरिंगचं तांबं वेगळं. हेरल्ड भरते जेमतेम 800 किलो. पण तुमचे डोळे चमकले की त्याच 800 किलोचं "आ तो एन्टिक छे, बेन" होतं. म्हणून मी आधी रिक्षाचे आरसे विचारायची, मग उगाच इकडेतिकडे बघायची. माझा अभिनय वाईट आहे. एका वाड्यात पोऱ्यानेच सांगितलं, "ताई, तुम्ही मघापासून त्या फियाटकडे बघताय."

चौथ्या वाड्यात ती दिसली. वर दोन रिक्षांचे सांगाडे, खाली हेरल्ड. हेरल्डचं बॉनेट चाकांवरच्या पत्र्यासकट अख्खंच्या अख्खं पुढे कलतं, त्यामुळे नाकावरून लगेच ओळखू आली. मी आडवी पडून खाली बघितलं. बहुतेक गाड्यांत बॉडी आणि सांगाडा एकच असतो. हेरल्डला वेगळी चासी असते आणि बॉडीचे भाग तिच्यावर बोल्टने बसवलेले. म्हणून कुजलेली हेरल्डसुद्धा सुटी करून वाचवता येते. पण मुख्य चासीपासून बाजूंना निघालेले जे हात असतात, ते आधी गंजतात. इथे डावीकडचे दोन्ही गेले होते, उजवीकडचे ठीक. मी मनात पैसे मोजायला लागले.

वाड्याचे मालक, सगळे त्यांना चाचा म्हणतात, खुर्चीतूनच म्हणाले, "नंबर देखा क्या?"

चासी नंबर जिथे असायला हवा तिथे चौकोनी भोक होतं. गॅसकटरने कापलेलं. गाडी मोडीत काढली की मालकाने 14 दिवसांत कळवून आरसी जमा करायची आणि नोंदणी रद्द व्हायची, असा कायदा आहे. नंबराचा तुकडा कापतात तो याचसाठी, की त्या नंबरावर दुसरी गाडी उभी राहू नये. म्हणजे ही गाडी कायद्याने मेलेली. चाचा म्हणाले, वाड्यात पोचलेल्या गाडीत सुटे भाग शोधा, गाडी नको. गाडी हवी तर वाड्यात यायच्या आधी गाठली पाहिजे. दीड वर्ष मी चुकीच्या टोकाला उभी होते आणि हे कोणी सांगितलं, तर जो मला तीच गाडी एन्टिक म्हणून खपवू शकला असता त्याने.

बॉनेट, दोन दरवाजे आणि मागचे दिवे मी वजनावर घेतले. थोडं जास्तच दिलं.

2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी शहरात शिरली. मगरी सोसायट्यांत आल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले असतील. त्यानंतरच्या आठवड्यांत वाड्यांबाहेर बुडालेल्या गाड्यांची रांग लागली, आणि एका सकाळी चाचांचा फोन आला. नदीकाठच्या एका बंगल्यात गॅरेज उपसायचंय, आत "आपकी वाली" आहे.

बंगला एका मराठी काकूंचा. गाडी 1967 ची, डॅशबोर्डवर चिखलाची सरळ रेघ. आरसी बुक मात्र माळ्यावरच्या ट्रंकेत कोरडं ठणठणीत. मला वाटलं काकू हळव्या होतील. त्या म्हणाल्या, "रविवारपर्यंत न्या, मला तिथे वॉशिंग मशीन ठेवायचंय."

पुराच्या पाण्यातल्या इंजिनाला स्टार्टर मारायचा नाही, हे बाबांनी गेटातूनच ओरडून सांगितलं. प्लग काढले, सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतून तसंच ठेवलं. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, तिन्हींतून ऑइलऐवजी कॉफीसारखं काहीतरी निघालं. अकराव्या दिवशी पुलीच्या बोल्टला पाना लावून बाबांनी रेटा दिला, आणि क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, बोटभर हलला. त्या दिवशी जेवायला कोणी वेळेवर आलं नाही.

कागदांचं काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. काका वारलेले, म्हणून आधी फॉर्म 31 भरून गाडी काकूंच्या नावावर, मुलांची संमतीपत्रं जोडून. मग फॉर्म 29 आणि 30 ने माझ्या. 2021 च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेली, मूळ रूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर राहतो. अगदी नव्याने नोंदवायची तर 20,000 रुपये, आणि नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. रोजच्या वापराला मात्र ती चालवायची नाही. भाजी आणायला नेता येणार नाही म्हणून आईचा उत्साह तिथेच ओसरला. आमची फाइल सध्या आरटीओत आहे, आणि मला तिसऱ्यांदा त्याच प्रतिज्ञापत्रासाठी बोलावलंय.

बॉडी उतरवून व्हरांड्यात ठेवलीय, चासी अंगणात. चाचांकडचं बॉनेट हिरवं, गाडी पांढरी. काढलेले बोल्ट बाबा श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत भरतात आणि वर चिठ्ठ्या चिकटवतात: "डावा दरवाजा", "मागचा बंपर", "सीट". सगळ्यांत मोठ्या डब्यावर लिहिलंय, "कुठले ते आठवत नाही".