चौदा फुटी की अठरा फुटी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एप्रिलमध्ये इथल्या, म्हणजे मिनेसोटातल्या, तळ्यांवरचा बर्फ सुटायला लागला की मला हमखास फोन येतो: "ॲल्युमिनियमची होडी घेतोय. 14 फुटी घेऊ की 18 फुटी?" मी मालवणचा, म्हणून मला होडीतलं कळतं असा मराठी मंडळींचा समज. खरं तर मालवणात मी मासे नुसते खाल्ले. होडी शिकलो ती इथे, दोन्ही मापांची वापरून.

पहिली 14 फुटी. मागे 15 हॉर्सपॉवरचं इंजिन, दांडा हातात धरून वळवायचं. साध्या गाडीमागे ओढली जायची, हिवाळ्यात गॅरेजात मावायची. मग एकदा ती घेऊन मिल लॅक्सला गेलो. तळं पाचशे चौरस किलोमीटरांहून मोठं, पण सगळ्यात खोल जागी जेमतेम 42 फूट. अशा उथळ पाण्यावर वारा चढला की लाटा आखूड आणि उभ्या उठतात. एकीतून सावरतोय तोवर दुसरी आदळते. दुपारी वारा फिरला आणि पाणी काठावरून आत यायला लागलं. मेव्हण्याने इंजिन धरलं, मी पोह्यांचा डबा रिकामा करून त्याने पाणी उपसत राहिलो. धक्क्याला लागायला तास गेला. वॉलाय मासा एकही नाही, पोहेही गेले. त्याच हिवाळ्यात 18 फुटी घेतली.

तिच्यात भीती नव्हती. काठ उंच, पुढून तळ पाचरीसारखा, लाट कापत जाते. पण ट्रेलरसकट गॅरेजात शिरेना, म्हणून बाहेर जागेचं भाडं. ओढायला मोठी गाडी. रॅम्पवर एकट्याने उतरवताना जरा वारा असला की आडवी व्हायची आणि मागे रांगेतले लोक बघत उभे. ऑफिसातून येऊन "चला, तासभर गळ टाकू" हे बंदच पडलं. छोटीत उन्हाळ्यात तीसेक फेऱ्या व्हायच्या, मोठीत नऊ. बायकोने कॅलेंडरवर मोजून दाखवल्या.

आणि होडीवर किती माणसं चालतील ते लिहिलेली पाटी असते, तिच्या भरवशावर राहू नका. माणसांचा आकडा साधारण लांबी गुणिले रुंदी भागिले 15 असा निघतो. 14 फूट लांब, 5 फूट रुंद, म्हणजे चार-पाच माणसं. ती माणसं जागेवर बसून राहणारी धरलेली असतात. आपली उभी राहून फोटो काढतात. 14 फुटीत मी तिसरं माणूस घेत नाही.

घरापासून वीस मिनिटांवर छोटं तळं असेल तर 14 फुटीच घ्या. दर शनिवारी मिल लॅक्स गाठणार असाल आणि सोबत हमखास कुणी असेल, तर मोठी. सुपिरियर या समुद्रासारख्या अफाट सरोवराचं नाव काढलंत तर 18 फुटीलाही मी चटकन हो म्हणणार नाही.

माझ्याकडे आता पुन्हा 14 फुटी आहे. मिल लॅक्सला जावंसं वाटलं की तिथल्या रिसॉर्टच्या मोठ्या लाँचवर तिकीट काढून बसतो. पोहे नेतो, डबा झाकून ठेवतो.