एवढं सगळं एकदम कसं काय, याचं माझं उत्तर

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. सोसायटीच्या लिफ्टमध्ये, बारशाला, हळदीकुंकवाला, कुठेही गेलं की हाच प्रश्न, "तू पोर्टच्या कामात ना गं, मग सांग, जगात हे एवढं सगळं एकदम काय चाललंय?" आता मी वाशीला एका सीएचएच्या, म्हणजे कस्टम्सचं काम करून देणाऱ्या एजंटच्या ऑफिसात डॉक्युमेंटेशन बघते, न्हावाशेवा बंदरातून जाणाऱ्या मालाची शिपिंग बिलं, म्हणजे निर्यातीचे कस्टम्सचे कागद वगैरे, मी काही परराष्ट्रमंत्री नाही. पण जगात कुठेही खुट्ट झालं की आमचे फोन आधी वाजतात, हे खरंय.

माझं उत्तर लोकांना फारसं आवडत नाही. "सगळं एकमेकांशी जोडलेलं आहे" हे वाक्य मला आळशी वाटतं. काही गोष्टी जोडलेल्या असतात, काही नुसत्या एकाच वेळी येतात, आणि आपला निम्मा गोंधळ या दोन्हींची सरमिसळ झाल्यामुळे होतो.

2023 चं वर्ष घ्या. ऑगस्टमध्ये पाऊस जवळपास गायबच, देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट, त्यामागे एल निनोचा, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापून जगभरचा पाऊस बिघडतो त्याचा हात. पांढऱ्या तांदळाची निर्यात जुलैतच बंद झालेली, 19 ऑगस्टला कांद्यावर 40 टक्के ड्युटी, आणि 8 डिसेंबरला थेट बंदी. माल रस्त्यात, पार्टी फोनवर, लासलगावात लिलाव बंद पाडलेले आणि आम्ही नोटिफिकेशनमधलं एकेक वाक्य चारचारदा वाचतोय. त्याच एल निनोने तिकडे पनामात पाऊस कमी पाडला, ज्या गातून तलावाच्या पाण्यावर कालवा चालतो तो खाली गेला, आणि रोज 36 च्या आसपास जहाजं जायची ती 22-24 वर आली. म्हणजे नाशिकचा कांदा आणि पनामाचा कालवा खरोखरच जोडलेले, वरून, आभाळातून.

आणि नेमकं तेव्हाच तांबडा समुद्र. गाझाचं युद्ध सुरू झालं, 19 नोव्हेंबरला येमेनच्या हुथी बंडखोरांनी तिथे गॅलक्सी लीडर हे जहाज पळवलं, डिसेंबरात मोठ्या लाइन्सनी, म्हणजे जहाज कंपन्यांनी, तांबड्या समुद्रातून जाणारा सुएझ कालव्याचा रस्ता सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. युरोपला जायला दहा-चौदा दिवस जास्त. द्राक्षांचा सीझन तोंडावर, रीफर, म्हणजे थंड कंटेनर मिळेनात, मिळाले तर फ्रेट, म्हणजे जहाजाचं भाडं ऐकून एक्स्पोर्टर गप्प व्हायचे, बुकिंग रोल व्हायची, म्हणजे पुढच्या जहाजावर ढकलली जायची, आणि द्राक्षं काय थांबतात का कोणासाठी. जगातले दोन मोठे कालवे एकदम अडले म्हटल्यावर आमच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "हे ठरवून चाललंय, लिहून घे." काका, एकीकडे पाऊस नव्हता, दुसरीकडे मिसाइल होती. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. योगायोग एवढा मोठा असू शकतो हे मानवत नाही आपल्याला, त्यापेक्षा कोणीतरी सूत्रधार आहे हे बरं वाटतं, निदान कोणाच्या तरी हातात आहे असं तरी वाटतं.

उलट 2022 चं तेल बघा. युद्ध युक्रेनमध्ये, पण आपलं बरंचसं सूर्यफूल तेल तिथलं, ते अडलं, आधीच महाग झालेलं पामतेल आणखी चढलं, आणि एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियाने आपल्या लोकांना स्वस्त मिळावं म्हणून पामतेलाची निर्यातच साधारण तीन-चार आठवडे बंद ठेवली. हे मात्र एकातून एक निघालेलं. इथे साखळी दाखवता येते, कडी कडी मोजून. मला तेवढंच लागतं, मधली कडी दाखवा, नाही दाखवता आली तर मी ते फॉरवर्ड पुढे पाठवत नाही. यामुळे भीती जात नाही हं, पण रात्री झोप लागते, आणि नणंदेने "मुलांना काय सांगू" विचारलं की काहीतरी सांगता तरी येतं.

आणि "हे सगळं संपणार कधी" विचारलंत तर मी आधी विचारते, त्यातलं कुठलं? कांद्याची बंदी मे 2024 मध्ये उठली, तांदूळ सप्टेंबरात सुटला, पनामात पाऊस आला आणि त्याच वर्षी कालवा बराचसा रुळावर आला. तांबड्या समुद्राचं मात्र वेगळंच, लाइन्स 2024 भर आफ्रिकेलाच वळसा घालत राहिल्या, आणि गॅलक्सी लीडरचे खलाशी सुटायला जानेवारी 2025 उजाडला.